चार तारा, चार दोरे : मिरजेची जवारी आणि गिटारचे 'डिस्टॉर्शन'

१/ १९६५ साली लंडनच्या 'द यार्डबर्ड्स' या वाद्यवृंदाने 'हार्ट फुल ऑफ सोल' या गीतासाठी सतारवादकास पाचारण केले. गीताची मुख्य धून सतारीवर वाजावी, अशी कल्पना होती. ध्वनिमुद्रण झाले, पण ते बाजूला ठेवण्यात आले. त्याऐवजी गिटारवादक जेफ बेक याने तीच धून 'फझ' नावाच्या लहानशा विद्युत-पेटीतून वाजवली आणि ते गीत गाजले. आवाज 'बिघडवणारी' पेटी सतारीची जागा कशी घेऊ शकली? या प्रश्नाचा माग काढत गेल्यास आपण मिरजेत पोहोचतो. घरी बसून अनेक सर्किटांचे डिस्टॉर्शन यंत्र बांधू पाहणाऱ्या आजच्या हौशी कारागिरालाही त्या उत्तराचा उपयोग आहे.

२/ प्रथम डिस्टॉर्शन म्हणजे काय, ते पाहू. तार छेडली की पिकअप तिच्या कंपनाचे विद्युत-लहरीत रूपांतर करतो. ही लहर वाढवत नेली आणि सर्किटाची मर्यादा आली, की लहरीचे माथे छाटले जातात. या छाटणीतून मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर जन्मास येतात. आपल्या परिभाषेत, षड्जातून वरचा पंचम, गंधार आणि कोमल निषादाच्या आसपासचा स्वर उमटतो. लहरीचा माथा आणि तळ असमान छाटला, तर दुप्पट व चौपट कंपनांचे, म्हणजे वरच्या सप्तकांतील षड्जही त्यात मिसळतात. कानाला जे खरखरीत वाटते, त्याच्या पोटात असा हिशेब असतो.

३/ आता मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरत चालली होती. अशा काळात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या समाजातील फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हा व्यवसाय रुजला. पंढरपूर परिसरातील भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून घडलेले मिरजेचे तानपुरे देशभर गेले. पुढे याच गावी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य झाले. ते थोर गायक तर होतेच. जवारी काढण्यातही त्यांचा हात निष्णात मानला जाई.

४/ जवारी म्हणजे काय? गिटारची तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते आणि तिथेच तिचे कंपन संपते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उताराचा. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते. त्यामुळे तारेची कंप पावणारी लांबी प्रत्येक हेलकाव्यात थोडी बदलते आणि खालच्या स्वराची ऊर्जा वरच्या उपस्वरांकडे झिरपत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा हा स्पर्श नेमका कुठे व्हावा, ते ठरवतो. दोरा केसभर हलला, तरी तानपुरा बोलू लागतो किंवा मुका होतो.

५/ या चमत्काराची शास्त्रीय दखल १९२१ च्या सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी घेतली. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचे स्थिरस्थान असते तो उपस्वर उमटू नये, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम होता. तानपुरा आणि वीणा यांच्यावर मात्र असे 'निषिद्ध' उपस्वरही ठसठशीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवून दिले आणि त्याचे श्रेय घोडीच्या वक्र माथ्याला दिले. मिरजेच्या कारागिराला हा नियम ठाऊक नव्हता, पण तो मोडण्याची युक्ती त्याच्या कानसीत होती.

६/ पश्चिमेत हीच गोष्ट अपघाताने हाती लागली. १९५१ च्या 'रॉकेट ८८' या गीतात गिटारचा आवाज भरडलेला आहे. मेम्फिसकडे जाताना ॲम्प्लिफायरला इजा झाली आणि फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली, अशी त्याची कथा सांगितली जाते. १९५८ च्या 'रम्बल' या वादनासाठी लिंक रे याने स्पीकरच्या कागदी शंकूला पेन्सिलीने भोके पाडली. पुढे, १९६४ मध्ये, 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस याने तो शंकू पात्याने चिरला. इजा हेच तेव्हाचे तंत्र होते.

७/ या अपघाताचे यंत्र झाले ते नॅशव्हिलमध्ये. मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात मिक्सरची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिन यांचे वादन घरघरत उमटले. ते तसेच ठेवले गेले आणि १९६१ मध्ये श्रोत्यांनी ते उचलून धरले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी एका सहकाऱ्याच्या साहाय्याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरांतून हुकमी घडवून आणला. त्यातून १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पेटी बाजारात आली. तिच्यात तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन' या गीताने ती जगप्रसिद्ध केली.

८/ त्याच वर्षी यार्डबर्ड्सची सतार बाजूला पडली, हे आता समजते. सतारीचा आवाज जवारीमुळे वरच्या उपस्वरांनी भरलेला असतो. फझही तेच उपस्वर दुसऱ्या मार्गाने पुरवते. दोघांच्या रचनेत मात्र एक मूलभूत भेद आहे. तानपुऱ्यात प्रत्येक तार घोडीवर आपापल्या जागी टेकते, तिचा दोरा स्वतंत्र असतो. आधी प्रत्येक तारेचा स्वर खुलतो आणि नंतर सारे स्वर भोपळ्यात एकत्र येतात. फझ-पेटीत क्रम उलटा असतो. आधी सहाही तारांची एकच लहर होते आणि मग त्या मिश्र लहरीची छाटणी होते.

९/ क्रम उलटल्याने काय बिघडते? मिश्र लहर छाटली की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा व वजाबाक्याही नवे स्वर म्हणून उमटतात. सा २०० आणि प ३०० असल्यास वजाबाकी १००, म्हणजे खर्जातील षड्जच. म्हणून रॉक संगीतात सा-प ही जोडी एवढी भारदस्त वाजते. पण गिटारवरील गंधार समान विभागणीच्या स्वरसप्तकामुळे २५० नसून सुमारे २५२ असतो. सा, ग, प एकत्र वाजवल्यास ५२ आणि ४८ असे दोन खोल स्वर एकमेकांवर घासतात आणि सारे गढूळ होते. तानपुऱ्याच्या घोडीवर ही अडचण उद्भवतच नाही.

१०/ अनेक सर्किटांची पेटी बांधणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. डायोड, ट्रान्झिस्टर, खटके, धातूची डबी हे सारे पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते. क्रम मात्र विकत मिळत नाही. छाटणीपूर्वी खालचे स्वर थोडे कमी केले तर गढूळपणा घटतो. छाटणीनंतर वरचे स्वर कमी केले तर कर्कशपणा. जर्मेनियम डायोड सुमारे ०.३ व्होल्टला छाटतो, सिलिकॉन सुमारे ०.६ ला. जुन्या धाटणीच्या अनेक जर्मेनियम सर्किटांत बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, तर आधुनिक सर्किटांत ऋण टोक. दोन्ही एकाच पुरवठ्यावर जोडली, तर पुरवठाच शॉर्ट होतो.

११/ शिवाय वाढीचा गुणाकार होतो. दहापट वाढवणारी तीन सर्किटे एकामागोमाग जोडली की हजारपट वाढ होते, आणि मुळातील क्षीण गुणगुणही हजारपट होते. ही गुणगुण घरातील विजेची, सेकंदास ५० कंपनांची. मुळशी खोऱ्यात राहून असे यंत्र बांधणाऱ्याला तिचा इतिहास परका नसावा. याच खोऱ्यातील पाणी अडवून सह्याद्रीखाली भिरा येथे १९२७ पासून वीज निर्माण होऊ लागली. त्यासाठी बुडणाऱ्या जमिनींकरिता १९२१ पासून शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसह सत्याग्रह केला होता. धातूची डबी, नीट जमीनजोडणी आणि बॅटरी यांनी ती गुणगुण शमते. तिच्या मागची गावे पाण्याखालीच राहिली.

१२/ मग सर्वांत महत्त्वाकांक्षी पेटी कोणती? सहा तारांना सहा स्वतंत्र पिकअप, प्रत्येकाला स्वतःचे छाटणी-सर्किट आणि अखेरीस सर्वांची बेरीज. गिटार-सिंथेसायझरच्या काळात हे प्रत्यक्षात आले. अशा पेटीतून सा-ग-प निर्मळ वाजतो, कारण स्वर खुलल्यावरच एकत्र येतात. तिचे सहा गुंडी-नियंत्रक लावताना हात जे करतो, तेच काम तानपुरा लावणारा दोरा सरकवताना करतो. खुली जवारी म्हणजे तीक्ष्ण छाटणी, बंद जवारी म्हणजे मवाळ. यंत्रणा वेगळ्या असल्या, तरी निवाडा कानाचाच.

१३/ २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होईल. जवारीचे ज्ञान मात्र कागदावर मावत नाही. कानशीचा हात कुठे थांबवायचा, हे वडिलांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे ऐकल्यावर कळते. रियाजाला फोनमधील तानपुरा पुरेसा ठरू लागला, की घोडी दुरुस्तीसाठी मिरजेस जाणारे कमी होतात आणि तो कानही कमी लोकांत उरतो. सर्किटाचा नकाशा हरवला तर पुन्हा काढता येतो. जवारीचा नकाशा कुणी काढलेलाच नाही.

१४/ म्हणून घरगुती डिस्टॉर्शन यंत्राच्या आराखड्यास बसण्यापूर्वी एक तास जुन्या मिरजेच्या तानपुऱ्याजवळ बसावे. एकच तार छेडावी, दोरा पुढे-मागे सरकवावा आणि स्वयंभू गंधार कधी उगवतो, ते ऐकावे. सर्किट किती असावीत, हा प्रश्न त्यानंतरचा. ती कुठे असावीत, याचे उत्तर तिथे चार दोऱ्यांत बांधलेले आहे.