‘कोणाकडे उतरलात?’ : एका प्रश्नाचा इतिहास

मराठवाड्यात परगावाहून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोणाकडे उतरलात?’ हा. ‘कुठे उतरलात?’ असे विचारण्याची रीत फार जुनी नाही. ‘कोणाकडे’ या शब्दात नाते, गाव आणि जात या तिन्हींची चौकशी एकदम होऊन जाते. उलट ‘कुठे’ या शब्दाला पत्ता सांगितला की काम भागते. या दोन शब्दांमधील अंतर आमच्या प्रदेशाने कसे कापले, हे पाहणे उद्बोधक आहे, असे आम्हांस वाटते.

या विचारास निमित्त अगदी साधे घडले. नांदेडच्या एका निवृत्त प्राध्यापक दांपत्याने लंडनला जाण्याचे ठरविले. मुलगा तिकडेच नोकरीला. तरीही पहिले चार दिवस शहराच्या मध्यभागी, एखाद्या जुन्या, देखण्या आणि महागड्या हॉटेलात राहावे, अशी दोघांची इच्छा होती. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली : मुलाचे घर असताना हॉटेल कशाला? या कुजबुजीत पैशांच्या उधळपट्टीपेक्षा नात्याच्या अवमानाची तक्रार अधिक होती. ती केवळ जुनाट म्हणून बाजूला सारता येणार नाही. तिच्यामागे इतिहास आहे.

१९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. ‘मोगलाई’तून इंग्रजी मुलखात जाणे हेच तेव्हा एका अर्थी परदेशगमन होते. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. मध्ये करोडगिरीचा नाका. लातूरहून मुंबईस निघालेला प्रवासी बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने कुर्डुवाडीस येई आणि तेथे मोठ्या गाडीत बसे. ही अरुंद लोहवाट १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली होती. नांदेडकरांना मनमाडास गाडी बदलावी लागे. राजधानी हैदराबाद हे आमचे खरे महानगर. परंतु तेथील दरबाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. अशा शहरात मराठी माणूस उतरे तो कोणाकडे तरी : दूरच्या मावशीकडे, गावच्या वकिलाकडे, नाहीतर आपल्या जातीच्या धर्मशाळेत. जागा फुकट मिळे, पण ती मिळण्याआधी ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे.

मराठी माणसाचा परदेशप्रवासही सुरुवातीस असाच झाला. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या त्या रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाकडे. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास राहिल्या. आमच्या प्रवासवाङ्मयाच्या आरंभी यजमान आहे, हॉटेल नाही. आणि यजमान म्हटला की त्याच्या अपेक्षा आल्या, त्याचे ऋण आले; रमाबाईंच्या चरित्राच्या अभ्यासकांना हे निराळे सांगावयास नको.

परंतु ज्याला यजमानच नाही त्याने काय करावे? १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीस रुजू झाले तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, त्यांनी आश्रय घेतला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेला हा विद्वान सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. हा प्रसंग त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. ‘कोणाकडे उतरलात?’ या जिव्हाळ्याच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू होय.

या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे आधुनिक हॉटेलाचे नावीन्य ध्यानात येते. लंडनचे सॅव्हॉय १८८९ साली उघडले, मुंबईचे ताजमहाल १९०३ साली, लंडनचे रिट्झ १९०६ साली. विजेचे दिवे, लिफ्ट, खोलीला लागून स्नानगृह यांची त्या काळी मोठी अपूर्वाई होती. तथापि आमच्या मते त्यांचे खरे नावीन्य निराळेच होते. पैसे द्या, किल्ली घ्या. तुम्ही कोणाचे कोण, हे आम्हांला नको, असे वचन त्या संस्थेत गृहीत होते.

ते वचन पाळले मात्र गेले नाही. जुलै १९४३ मध्ये वेस्ट इंडीजचे ख्यातनाम क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधील इंपीरिअल हॉटेलात त्यांनी सहकुटुंब राहण्याची सोय आधीच करून ठेविली होती. तरीही त्यांच्या वर्णामुळे त्यांना तेथे राहू दिले गेले नाही. ते न्यायालयात गेले, १९४४ साली खटला जिंकले आणि त्यांना पाच गिनींची भरपाई मिळाली. हॉटेलासारख्या सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा ब्रिटिश कायदा १९६५ साली झाला.

भारतीय संविधान १९५० सालीच अंमलात आले होते. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांच्या जोडीला ‘हॉटेल’ हा शब्द स्पष्टपणे आला आहे : धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही अडवता येणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्याला दीड वर्षाच्या आत हे वचन मिळाले. आमच्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे मुख्यतः चहा-फराळाची जागा. राहण्याच्या जागेला आम्ही ‘लॉज’ म्हणतो. त्यामुळे या शब्दाची धग आमच्या गावांत खोलीपेक्षा चहाच्या कपापाशी अधिक जाणवली. संविधानातील एका साध्या नामामागे बडोद्याची ती अकरा दिवसांची वस्ती उभी आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

याचा अर्थ पैशाचा दरवाजा न्याय्य असतो, असा नाही. हैदराबादच्या फलकनुमा राजवाड्याचे उदाहरण घ्या. पायगा घराण्यातील विकार-उल-उमरा यांनी तो बांधला आणि पुढे तो सहाव्या निजामाकडे गेला. मराठवाड्याच्या रयतेला त्याच्या आत शिरण्याची कल्पनाही करता आली नसती. २०१० पासून तेथे ताज समूहाचे हॉटेल आहे. आज नांदेडचा कोणीही तेथे रात्रभर राहू शकतो. अट फक्त दाम मोजण्याची. जन्माची अट गेली आणि ऐपतीची आली. ही प्रगती आहे, पण अर्धीच.

उरलेल्या अर्ध्या वाटेचा नमुना नांदेडातच आहे. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली जेथे निर्वाण झाले त्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात जातही विचारत नाहीत आणि पैसेही. इंग्लंड-कॅनडात स्थायिक झालेल्या अनेक शीख कुटुंबांसाठी नांदेड हेच परदेशप्रवासाचे गंतव्य असते. आम्ही लंडनकडे पाहत असताना लंडनचा यात्रेकरू आमच्या गावी पंगतीत बसलेला असतो, ही गोष्ट आम्हांस अंतर्मुख करणारी वाटते.

मग त्या प्राध्यापक दांपत्याने काय करावे? आमच्या मते त्यांनी हॉटेलातच उतरावे, आणि संकोच न बाळगता उतरावे. मात्र निवड करताना संगमरवर आणि झुंबरे यांच्या पलीकडे पाहावे. त्या वास्तूचा इतिहास वाचावा. तिच्या दारातून एकेकाळी कोणाला परत पाठविले गेले, हे जाणून घ्यावे. देखणेपण हा हॉटेलाचा अलंकार आहे. आलेल्या माणसाला त्याची ओळख न विचारता सामावून घेणे हा त्याचा धर्म आहे. पाचव्या दिवशी मुलाकडे जावेच; नात्याचे घर आणि निनावी खोली या दोहोंची माणसाला गरज असते. आणि सवड काढून किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर अवश्य पाहावे. १९२१-२२ मध्ये, लंडनला शिकत असताना, बाबासाहेब तेथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले असून २०१५ पासून तेथे स्मारक आहे.

जाता जाता एक गोष्ट. ब्रिटिश व्हिसाच्या अर्जात आपण तेथे कोठे राहणार, हे लिहावे लागते. गावच्या पारावरचा प्रश्न आता परराष्ट्राच्या अर्जात येऊन बसला आहे. तेथे हॉटेलाचा पत्ता लिहिताना, स्वतःचे नाव लपवावे न लागता तो लिहिता येतो, एवढे जरी आमच्या मनात आले तरी त्या खोलीचे मोल आम्हांस कळले, असे म्हणता येईल.