भूक लागते, जीव जात नाही

पडद्यावरचा पाळीव प्राणी म्हटला की बहुतेकांना तामागोची आठवते. बांदाई कंपनीने २३ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानच्या बाजारात आणलेले हे अंड्याच्या आकाराचे, तीन बटणांचे खेळणे. आतले पिल्लू भूक लागली की पीं-पीं करी, त्याची घाण काढावी लागे आणि फार वेळ लक्ष दिले नाही तर ते मरे. जपानी आवृत्तीत मग थडगे आणि भूत दिसे, अमेरिकी आवृत्तीत देवदूत. पहिल्या काही वर्षांत जगभर सुमारे ४ कोटी नग खपले. त्यामुळे असा समज रुजला, की अशा प्राण्याची सारी गंमत त्याच्या मरणाच्या धाकात होती आणि आजचे निवांत खेळ म्हणजे त्या मूळ कल्पनेत ओतलेले पाणी. घटनांचा क्रम मात्र वेगळे सांगतो.

१९८५ साली ॲक्टिव्हिजनच्या ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’मध्ये एक छोटा माणूस तीन मजली घरात आपल्या कुत्र्यासह राहायला येई, पियानो वाजवी, पत्रे लिही. खेळणाऱ्याने त्याला अन्नपाणी पुरवायचे आणि त्याचा दिनक्रम बघत बसायचे. जिंकण्यासारखे काही नव्हतेच. तामागोचीच्या वर्षभर आधी, १९९५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या पीएफ मॅजिकने ‘डॉग्ज’ आणले. संगणकाच्या पडद्यावर बागडणाऱ्या या कुत्र्याला माउसने कुरवाळता येई, आणि ते मरत नसे. या कंपनीचे एक संस्थापक रॉब फुलॉप हे ‘नाइट ट्रॅप’ या खेळाच्या निर्मात्यांपैकी. त्या खेळावर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत हिंसेवरून टीकेची झोड उठली होती, आणि त्यानंतर ते या गोंडस कुत्र्याकडे वळले. म्हणजे सौम्य प्राणी आधी आला, मरणारा नंतर. मरणाचे घड्याळ हा या परंपरेतला गाजलेला अपवाद होता, तिचे मूळ नव्हे.

तो अपवादही खेळणाऱ्यांना पुरता मानवला नाही. कित्येक शाळांनी तामागोचीवर बंदी घातली, मुले वर्गात गेली की पिल्लाची उस्तवार पालकांच्या गळ्यात पडे. पुढे खेळणाऱ्यांनीच पळवाट काढली: वेळ लावण्याच्या पडद्यावर यंत्र तसेच सोडले की घड्याळ थांबे, पिल्लाची भूकही थांबे. विसाव्याची सोय मूळ रचनेत नव्हती, ती लोकांनी हुडकून काढली. प्राणी हवा, पण त्याने मानगुटीवर बसू नये, ही मागणी इथे उघड दिसते. पुढच्या खेळांनी ती ओळखली. १९९९च्या ‘निओपेट्स’मध्ये भुकेची पायरी ‘मरणासन्न’पर्यंत उतरते, पण प्राणी महिनोन्‌महिने त्याच पायरीवर तग धरतो. २००५च्या ‘निन्टेन्डॉग्ज’मधली पिल्ले म्हातारी होत नाहीत आणि मरतही नाहीत, त्या खेळाच्या सुमारे २.४ कोटी प्रती खपल्या.

यावर पहिला आक्षेप असा, की गमावण्याची भीती नसेल तर माया कशी जडणार? उत्तर ‘नेको आत्सुमे’त सापडते. हिट-पॉइंट या जपानी कंपनीच्या २०१४च्या या खेळात अंगणात खाऊ आणि खेळणी मांडून ठेवायची आणि आपल्या कामाला लागायचे. मांजरे त्यांच्या मर्जीने येतात, जाताना सुक्या तारल्या ठेवून जातात. मान्झोकु-सान हे लठ्ठ मांजर खाऊचा फडशा पाडते, पण त्याला कोणी हाकलत नाही. वरचेवर येणारे मांजर एखादी आठवणीची वस्तू देते, आणि खेळणारे त्यांचे फोटो अल्बमात लावतात. इथे माया जडते ती ओळखीतून: कोण कधी येते, कुठल्या उशीवर झोपते. गमावण्याचा धाक हा ओढ लावण्याचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निवांतपणा हे आमिष असून खरा डाव पैशांचा असतो. फुकटच्या अनेक खेळांत रोजच्या हजेरीचे बक्षीस आणि फोनवर सतत येणाऱ्या सूचना असतात, हे नाकारता येत नाही. ‘नेको आत्सुमे’तही सोन्याच्या तारल्या विकत मिळतात. पण हा दोष निवांतपणाचा नव्हे. हजेरीची सक्ती आणि सूचनांचा भडिमार म्हणजे तामागोचीचे तेच पीं-पीं, फक्त आता ते दुकानदाराच्या सोयीने वाजते. म्हणून अशा खेळाची पारख करताना प्राणी किती गोंडस आहे हे न पाहता, आठवडाभर तिकडे न फिरकणाऱ्याला तो काय दंड करतो ते पाहावे.