भांड्याविना द्रव

विषय थोडा रुक्ष वाटेल, पण मला या गोष्टीने गेले काही दिवस पछाडलंय. म्हणून इथे मांडतो.

पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण शाळेत घोकलं. पण शांत ठेवलेलं पाणी त्याखालीही द्रवच राहू शकतं, हे फॅरनहाइटने 1724 मध्येच लिहून ठेवलंय. 1950 च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड टर्नबुल यांनी धातूंचीही हीच तऱ्हा दाखवली. वितळलेल्या धातूचे त्यांनी इतके बारीक थेंब केले की कचरा मोजक्या थेंबांतच अडकला. उरलेले स्वच्छ थेंब गोठेचनात! निकेल तर गोठणबिंदूच्या 300 अंश खाली गेलं तरी द्रवच.

असं का व्हावं? 1952 मध्ये ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँक यांनी एक उत्तर सुचवलं. एका अणूभोवती बारा अणू विंशतिफलकाच्या, म्हणजे वीस त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, कोपऱ्यांवर बसले, तर ती मांडणी स्फटिकातल्या मांडणीपेक्षा जास्त पक्की ठरते. त्यांच्या हिशेबाने ऊर्जेतला फरक 8.4 टक्के. पण या आकारात पाचाची सममिती असते. पंचकोनी फरशा जमिनीवर बसवून पाहा, फटी राहणारच. तशी ही मांडणी सलग पसरून स्फटिक होऊ शकत नाही. गोठायचं तर आधी ती मोडायला हवी, म्हणून द्रव आढेवेढे घेतो.

कल्पना देखणी, पण पुरावा कुठून आणायचा? वितळलेला धातू ठेवणार कशात? दुधाला विरजण लागावं तसं भांड्याच्या भिंतीपासूनच गोठणं सुरू होतं. म्हणजे भांडंच नको!

धातू तरंगवण्याची युक्ती तशी जुनी. जर्मनीत ऑटो मुक यांनी 1923 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. तांब्याच्या वेटोळ्यातून झपाट्याने दिशा बदलणारी वीज सोडली की आतल्या धातूतही वीज फिरू लागते. तीच त्याला वर ढकलते आणि वितळवतेही. पुढे दुसरी पद्धत आली. थेंबाला विद्युतभार देऊन निर्वातात तोलून धरायचं आणि लेसरने तापवायचं.

2002 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे जर्मन-फ्रेंच गटाने तरंगत्या निकेल, लोखंड आणि झिर्कोनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला. पाचाच्या सममितीच्या खुणा दिसल्या. द्रव जितका थंड, तितक्या ठळक. 2003 मध्ये अमेरिकेत केन केल्टन यांच्या गटाने टायटॅनियम, झिर्कोनियम आणि निकेलच्या मिश्रणाचा 2-3 मिलिमीटरचा थेंब तरंगत ठेवून त्यावर क्ष-किरण सोडले. द्रवातली ही रचना वाढत गेली आणि त्यातून आधी जन्मला तो स्थिर स्फटिक नव्हे, तर पाचाच्या सममितीचा क्वासिक्रिस्टल. द्रवाची ठेवण गोठण्याची वाट ठरवते, हे प्रत्यक्ष दिसलं. सगळ्याच द्रवांत अशी रचना असते असं मात्र नाही. मिश्रणागणिक चित्र बदलतं.

फ्रँक 1998 मध्ये वारले. ग्रेनोबलचा निकाल त्यानंतर चार वर्षांनी आला.

हे वाचून हळहळ वाटते खरी. पण मला जास्त विचारात पाडलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ही पन्नास वर्षं कल्पना अडली नव्हती, अडलं होतं ते थेंबाला स्पर्श न करता धरणं. विज्ञानाच्या गोष्टी सांगताना आपण सुचणाऱ्याचं नाव घेतो. थेंब तोलून धरणारे, वेटोळी वळणारे, लेसर जुळवणारे क्वचितच आठवतात. आज मुद्दाम त्यांच्यासाठी लिहिलं.