अमेरिकेत निर्णय नेमका घेतो कोण? काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय यांचं काम समजून घ्या

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका घोषणापत्रावर सही केली. नव्या एच-१बी व्हिसा अर्जांसाठी कंपन्यांना १ लाख डॉलर भरावे लागतील, असं त्यातून जाहीर झालं. सुट्टीसाठी भारतात आलेल्या अनेकांनी घाईघाईने परतीची तिकिटं काढली. ही रक्कम आधीपासून व्हिसा असलेल्यांना लागू नाही, हे व्हाइट हाऊसने दुसऱ्या दिवशी स्पष्ट केलं. पुढे या घोषणेला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं.

एका सहीने इतकं काही बदलू शकतं का? काही गोष्टी बदलतात, बऱ्याच बदलत नाहीत. कोणत्या बदलतात आणि कोणत्या नाहीत, हे कळण्यासाठी अमेरिकेच्या सरकारची रचना माहीत असायला हवी.

सत्ता तीन ठिकाणी का वाटली?

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये फिलाडेल्फियात तयार झाली आणि १७८९ पासून तिच्यानुसार कारभार सुरू झाला. ब्रिटिश राजाच्या सत्तेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांना पुन्हा एकाच व्यक्तीच्या हाती सगळी सत्ता द्यायची नव्हती. म्हणून त्यांनी तीन शाखा केल्या. कायदे करणारी काँग्रेस, ते राबवणारे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचा अर्थ लावणारी न्यायालयं.

भारतात पंतप्रधान आणि मंत्री संसदेचेच सदस्य असतात. लोकसभेत बहुमत असेल तरच सरकार टिकतं. अमेरिकेत तसं नाही. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसचे सदस्य नसतात आणि त्यांच्या मंत्र्यांनाही सदस्य राहता येत नाही. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचे आणि काँग्रेसमध्ये बहुमत दुसऱ्या पक्षाचं, असं अनेकदा घडतं. तरीही सरकार पडत नाही.

काँग्रेस: कायदा आणि तिजोरी

काँग्रेस हे तिथल्या संसदेचं नाव आहे. तिची दोन सभागृहं आहेत.

• प्रतिनिधिगृह: ४३५ सदस्य, मुदत २ वर्षं. राज्याच्या लोकसंख्येनुसार जागा मिळतात. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ च्या निवडणुकीत मिशिगनमधून याच सभागृहात निवडून गेले.

• सिनेट: १०० सदस्य, मुदत ६ वर्षं. राज्य लहान असो वा मोठं, प्रत्येकाला २ जागा.

कायदा व्हायचा तर विधेयक दोन्ही सभागृहांत त्याच शब्दांत मंजूर व्हावं लागतं. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात. त्यामुळे साधं बहुमत असूनही विधेयक अडकू शकतं.

कर लावणं, आयात शुल्क ठरवणं आणि सरकारी खर्चाला मंजुरी देणं हे अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिले आहेत. खर्चाची मंजुरी वेळेत मिळाली नाही तर सरकारी कामकाजाचा मोठा भाग बंद पडतो. यालाच 'शटडाऊन' म्हणतात. १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेला शटडाऊन ४३ दिवस चालला. या काळात लाखो सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार रखडले.

राष्ट्राध्यक्ष: अंमलबजावणी आणि लष्कर

राष्ट्राध्यक्षांची मुदत ४ वर्षांची असते आणि दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. त्यांची निवड ५३८ निर्वाचक करतात आणि जिंकायला २७० मतं लागतात. म्हणूनच देशभरात जास्त मतं मिळूनही उमेदवार हरू शकतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्याबाबतीत हेच झालं.

राष्ट्राध्यक्ष लष्कराचे सरसेनापती असतात, इतर देशांशी करार करतात आणि सरकारी खात्यांना आदेश देतात. या आदेशांना कार्यकारी आदेश म्हणतात. असा आदेश राज्यघटनेत किंवा आधीच्या एखाद्या कायद्यात दिलेल्या अधिकारावर उभा असावा लागतो. शिवाय पुढचा राष्ट्राध्यक्ष तो रद्द करू शकतो.

न्यायालय: शेवटचा शब्द

सर्वोच्च न्यायालयात ९ न्यायाधीश असतात. राष्ट्राध्यक्ष त्यांचं नाव सुचवतात आणि सिनेट मान्यता देतं. त्यांना निवृत्तीचं वय नाही. स्वतःहून पद सोडेपर्यंत किंवा मृत्यूपर्यंत ते पदावर राहू शकतात. १८०३ मधल्या 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' या निकालापासून राज्यघटनेशी विसंगत कायदा रद्दबातल ठरवण्याचा अधिकार न्यायालयाकडे असल्याचं मानलं जातं.

कोण कोणाला अडवतं?

काँग्रेसचं विधेयक राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरून परत पाठवू शकतात. मात्र दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा मंजूर केलं तर सहीशिवाय कायदा होतो. ट्रम्प यांनी नाकारलेलं संरक्षण खर्चाचं विधेयक १ जानेवारी २०२१ रोजी असंच कायदा झालं.

न्यायालय राष्ट्राध्यक्षांना रोखतं. १९५२ मध्ये कोरियन युद्धाच्या काळात हॅरी ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती कारवाई बेकायदा ठरवली. जो बायडेन यांची विद्यार्थ्यांची कर्जं माफ करण्याची योजनाही २०२३ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनीच रद्द झाली.

काँग्रेस महाभियोगही चालवू शकते. अँड्र्यू जॉन्सन, बिल क्लिंटन आणि दोनदा डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर प्रतिनिधिगृहाने महाभियोग लावला. पदावरून हटवायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. ती एकाही वेळी मिळाली नाहीत.

ही रचना प्रत्येक वेळी कागदावर आहे तशी चालते, असं नाही. युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, पण १९४२ नंतर तिने औपचारिक युद्धघोषणा केलेली नाही. कोरिया, व्हिएतनाम आणि इराकमध्ये अमेरिकी सैन्य लढलं ते अशा घोषणेविनाच.

एकाच कुटुंबाचा व्हिसा, तीन शाखांच्या हातात

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीय कुटुंबांना ही विभागणी रोज जाणवते.

• काँग्रेस: नोकरीवर आधारित ग्रीन कार्ड मिळवताना कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग अनेक वर्षांची होण्यामागचं हे मोठं कारण. ही मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे. राष्ट्राध्यक्षांची इच्छा असली तरी काँग्रेसशिवाय ती बदलत नाही.

• राष्ट्राध्यक्षांचं प्रशासन: ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या एच-१बीधारकांच्या जोडीदारांना काम करण्याची परवानगी २०१५ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रशासनाने नियम करून दिली. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ती काढून घेण्याची तयारी सुरू झाली. बायडेन आल्यावर २०२१ मध्ये तो प्रस्ताव मागे घेण्यात आला.

• न्यायालय: याच नियमाविरुद्ध खटला झाला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम वैध ठरवला.

बातमी वाचताना काय पाहावं?

'अमेरिकेने निर्णय घेतला' असा मेसेज आला की तो पुढे पाठवण्याआधी निर्णय कोणत्या स्वरूपाचा आहे, ते तपासा.

१. विधेयक मांडलं आहे की दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आहे? मांडलेली बहुतेक विधेयकं कायदा होतच नाहीत.

२. कार्यकारी आदेश आहे का? असेल तर तो कधीपासून आणि कोणाला लागू आहे, आणि न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आहे का?

३. निकाल खालच्या न्यायालयाचा आहे की सर्वोच्च? खालच्या न्यायालयाच्या निकालावर अपील होऊ शकतं.

४. विषय राज्य सरकारच्या अखत्यारीतला तर नाही? शाळा, वाहन परवाना आणि बहुतेक फौजदारी गुन्हे यांचे नियम अमेरिकेत राज्यं ठरवतात. त्यामुळे टेक्सासचा नियम न्यू जर्सीत लागू असेलच असं नाही.