डेट्रॉइटच्या भाजीबागा आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट हे शहर जगाला मोटारींचे शहर म्हणून परिचित आहे. याच शहरात गेल्या तीन दशकांत ओस पडलेल्या भूखंडांवर, शाळांच्या आवारात आणि प्रार्थनास्थळांच्या मोकळ्या जागेत सुमारे दीड हजार भाजीबागा व लहान शेते उभी राहिली. स्थानिक तरुण, निवृत्त कामगार आणि स्वयंसेवक यांनी चालविलेल्या या उपक्रमाकडे अनेकदा केवळ हौशी बागकाम म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात त्यामागे गरीब वस्त्यांना ताजे अन्न मिळण्याचा आणि ते ज्या जमिनीत पिकते तिच्यावरील हक्काचा झगडा आहे.

या शहरात मोकळ्या जागी भाजी पिकविण्याची कल्पना नवी नाही. १८९३ च्या आर्थिक मंदीत हजारो कामगार बेकार झाले, तेव्हा महापौर हेझन पिंग्री यांनी पडीक भूखंड गरजू कुटुंबांना बटाटे व भाज्या लावण्यासाठी तात्पुरते देण्याची योजना १८९४ मध्ये आखली. निधी जमविण्यासाठी त्यांनी स्वतःचा घोडा लिलावात विकला. वृत्तपत्रांनी या योजनेची भरपूर थट्टा केली. मात्र पहिल्याच वर्षी सुमारे ४३० एकर जमिनीवर नऊशेहून अधिक कुटुंबांनी पीक घेतले आणि पुढे अन्य शहरांनीही हा मार्ग अनुसरला. जमीन मात्र मूळ मालकांचीच राहिली. मंदी ओसरल्यावर वाफेही गेले.

ओस पडलेले शहर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटार कारखान्यांतील कामासाठी दक्षिणेकडील अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी आदी राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने डेट्रॉइटला आली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती. त्यानंतर कारखाने उपनगरांत व अन्य राज्यांत हलू लागले, त्यापाठोपाठ श्वेतवर्णीय कुटुंबेही बाहेर पडली. १९६७ च्या उद्रेकानंतर हा ओघ वाढला. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ७ लाख १३ हजार ७७७, तर २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार १११ नोंदविण्यात आली. २०१० मध्ये शहरातील पाचपैकी चार रहिवासी कृष्णवर्णीय होते.

माणसे गेली, तशी घरे रिकामी झाली, काही जळाली, काही पाडण्यात आली. कर थकलेले भूखंड शासनाच्या ताब्यात आले. १९७० च्या दशकात महापौर कोलमन यंग यांच्या कारकिर्दीत अशा भूखंडांवर भाजी लावण्यासाठी रहिवाशांना परवाने देणारी नगरपालिकेची योजना सुरू झाली. तीही हंगामापुरत्या वापराची होती.

लोकांच्या पाठोपाठ दुकानेही गेली. २००७ मध्ये ‘फार्मर जॅक’ या साखळीची दुकाने बंद झाल्यानंतर मोठ्या साखळ्यांनी शहराकडे पाठ फिरविली असल्याची चर्चा देशभर झाली. शहरात एकही किराणा दुकान उरले नाही, असे जे काही वेळा लिहिले गेले, ते खरे नाही. स्वतंत्र मालकांची अनेक दुकाने चालू होती. तथापि ज्यांच्याकडे मोटार नाही अशा कुटुंबांना जवळपास मिळे ते कोपऱ्यावरच्या मद्याच्या दुकानातील वा पेट्रोल पंपावरील डबाबंद खाद्य. अशा भागांना अभ्यासक ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणतात. डेट्रॉइटमधील अनेक कार्यकर्त्यांना हा शब्द मान्य नाही. वाळवंट निसर्ग घडवितो. येथील टंचाई धोरणांनी आणि भेदभावाने घडविली आहे, असे त्यांचे म्हणणे असून ते ‘अन्नातील वर्णभेद’ असा शब्द वापरतात.

उन्हाळ्यातील तरुण

आजच्या चळवळीचे एक महत्त्वाचे मूळ १९९२ मध्ये सापडते. क्रायस्लर कारखान्यातील कामगार व लेखक जेम्स बॉग्ज आणि त्यांच्या पत्नी, चिनी वंशाच्या अमेरिकी विचारवंत ग्रेस ली बॉग्ज यांनी सहकाऱ्यांसह त्या वर्षी ‘डेट्रॉइट समर’ हा उपक्रम सुरू केला. १९६४ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्कांसाठी तरुणांनी घालविलेल्या उन्हाळ्याची आठवण या नावात होती. शहरातील व बाहेरील तरुणांनी एकत्र यावे, पडीक जागा साफ कराव्यात, भिंती रंगवाव्यात, भाजी लावावी आणि संध्याकाळी शहराच्या भवितव्यावर चर्चा करावी, असे त्याचे स्वरूप होते. तरुणांना शिकविणारे हात मात्र वृद्धांचे होते. दक्षिणेतील शेतांवर बालपण गेलेली आजी-आजोबांच्या वयाची मंडळी ‘गार्डनिंग एंजल्स’ या नावाने आधीपासूनच भूखंडांवर भाजी पिकवीत होती. कारखान्यांच्या काळात निरुपयोगी ठरलेले त्यांचे ज्ञान पुन्हा कामी आले. जेम्स बॉग्ज १९९३ मध्ये निवर्तले; ग्रेस ली बॉग्ज यांचे २०१५ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. जुन्या घरांच्या रंगात शिसे असे. घर पाडल्यावर ते मातीत मिसळे आणि पायाच्या विटा, काचा तेथेच पुरल्या जात. त्यामुळे आधी मातीची तपासणी करावी लागते, नंतर बाहेरून आणलेली माती व कंपोस्ट घालून उंच वाफे बांधावे लागतात. २००३ पासून बियाणे, रोपे, माती तपासणी आणि प्रशिक्षण एकत्रितपणे पुरविण्याची व्यवस्था शहरात उभी राहिली. २०१३ पासून ‘कीप ग्रोइंग डेट्रॉइट’ ही संस्था ती चालवू लागली. जमीन कसदार होण्यास काही वर्षे जातात. पुढचा सारा वाद याच ठिकाणी सुरू होतो, कारण ही वर्षे घालविणाऱ्यांच्या नावावर भूखंड बहुधा नसतो.

स्वयंसेवकांविषयीही एक अवघड प्रश्न उपस्थित झाला. शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले मलिक याकिनी यांनी आपल्या शाळेतील मुलांसह बाग केली होती. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या शहरात या चळवळीची सूत्रे मात्र बाहेरून आलेल्या श्वेतवर्णीय तरुणांच्या हाती जात आहेत, असे त्यांचे व सहकाऱ्यांचे निरीक्षण होते. त्यातून २००६ मध्ये ‘डेट्रॉइट ब्लॅक कम्युनिटी फूड सिक्युरिटी नेटवर्क’ ही संस्था स्थापन झाली. सुमारे दहा गुंठ्यांपासून सुरुवात करून, जागा बदलत, २००८ मध्ये तिला रूज पार्क या सार्वजनिक उद्यानात दोन एकर जमीन नगरपालिकेकडून मिळाली. ‘डी-टाऊन फार्म’ या नावाने ओळखले जाणारे हे शेत पुढे सात एकरांपर्यंत वाढले. येथे स्वयंसेवक खुरपणी-तोडणीला येतात आणि मुलांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण चालते. आपले आजोबा कापसाच्या शेतातून सुटून शहरात आले, मग नातवंडांनी पुन्हा माती का उकरावी, असा प्रश्न वस्तीतूनच विचारला जाई. गुलामीच्या इतिहासाचे ते ओझे होते; त्याला उत्तर देणे हा या संस्थेच्या कामाचाच एक भाग ठरला.

कायदा आणि विक्री

इतक्या बागा असूनही २०१३ पर्यंत शहराच्या नियमांत शेतीला स्थान नव्हते. मिशिगनच्या १९८१ च्या शेतीसंरक्षण कायद्यामुळे एकदा व्यापारी शेती मान्य केली, की तिच्यावर नगरपालिकेचे नियंत्रण राहणार नाही, अशी भीती होती. राज्याने मोठ्या शहरांना सूट दिल्यानंतर मार्च २०१३ मध्ये नागरी शेतीचा नियम संमत झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

त्याआधीच एका व्यवहाराने मोठे वादळ उठविले होते. वित्त व्यावसायिक जॉन हँट्झ यांनी २००९ मध्ये शहरात प्रचंड शेत उभारण्याची योजना मांडली. पुढे तिचे रूपांतर वृक्षलागवडीत झाले. सुमारे १५०० भूखंड, म्हणजे जवळपास १४० एकर जमीन, प्रत्येकी साधारण ३०० डॉलर दराने त्यांना विकण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१२ मध्ये नगर परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी मंजूर केला. पडके वाडे पाडण्याची आणि १५ हजार झाडे लावण्याची अट त्यात होती. परिसर स्वच्छ होईल आणि कर मिळेल, हा पालिकेचा युक्तिवाद निराधार नव्हता. पण शेजारचा एखादा भूखंड विकत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खेटे घालणाऱ्या रहिवाशांना हे कसे पटावे? २०१४ मध्ये झाडे लावण्यासाठीही शेकडो स्वयंसेवकच आले, ही त्यातील एक लक्षणीय बाब.

विक्रीच्या बाजूने परिस्थिती तुलनेने लवकर सुधारली. बागांतील माल एकत्र करून तो जुन्या ‘ईस्टर्न मार्केट’ या मंडईत विकला जाऊ लागला. सरकारी अन्नसाहाय्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांनी भाजी-फळे घेतल्यास तेवढ्याच रकमेची जादा भाजी-फळे देणारी योजना २००९ मध्ये डेट्रॉइटच्या बाजारांत सुरू झाली. याकिनी यांच्या संस्थेने अनेक वर्षे पाठपुरावा केलेले सहकारी किराणा भांडार मे २०२४ मध्ये वुडवर्ड अव्हेन्यू या प्रमुख मार्गावर उघडले. तोपर्यंत दोन हजारांहून अधिक नागरिक त्याचे सभासद झाले होते.

जमिनीसाठी २०२० मध्ये तीन संस्थांनी मिळून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा निधी उभारला. आपण कसत असलेले भूखंड विकत घेण्यासाठी त्यातून मदत दिली जाते. खरेदीची किचकट कागदपत्रे पूर्ण करण्यासही हात दिला जातो. २०२३ मध्ये नगरपालिकेने नागरी शेतीसाठी प्रथमच स्वतंत्र संचालक नेमला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोंबड्या, बदके व मधमाश्या पाळण्यास नगर परिषदेने परवानगी दिली. डी-टाऊनचे शेत मात्र सार्वजनिक उद्यानाच्या जमिनीवर उभे राहिलेले असून, तेथील वाफ्यांत मिसळलेले कंपोस्ट संस्थेचे असले तरी मालकीच्या कागदावर नाव शहराचे आहे.