बटाटा : पिष्टातील जननिक बदलांचा इतिहास

बटाट्याच्या ग्रंथिक्षोडात (जमिनीत वाढणाऱ्या गाठाळ खोडात) पानांकडून आलेल्या साखरेचे पिष्टात रूपांतर होऊन तिचा साठा होतो. हे पिष्ट दोन बहुशर्करांचे मिश्रण असून त्यात मुख्यतः सरळ साखळीचे ऐमिलोज सु. २० टक्के व शाखायुक्त ऐमिलोपेक्टिन सु. ८० टक्के असते. पिष्टाचे प्रमाण वाढविणे आणि त्याची घडण कागद, कापड व आसंजके (चिकटविणारी द्रव्ये) यांच्या उद्योगांना सोयीची करणे, या दोन उद्दिष्टांनी १९८० नंतर या पिकात जननिक बदल करण्याचे प्रयत्न झाले.

पूर्वपीठिका : पिष्टाची घडण आनुवंशिक असते, हे जननिक अभियांत्रिकीच्या पूर्वीच ज्ञात होते. जवळजवळ केवळ ऐमिलोपेक्टिन असलेला मेणचट मका चीनमधून १९०८ मध्ये अमेरिकेत पोहोचला. दुसऱ्या महायुद्धात डच ईस्ट इंडीजमधून होणारा टॅपिओकाचा पुरवठा तुटल्यावर त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. बटाट्यात मात्र असे वाण सहज मिळेना. कारण लागवडीतील बटाट्यात प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती असतात व अप्रभावी गुण प्रकट होण्यास चारही प्रतींत बदल व्हावा लागतो. नेदर्लंड्समधील संशोधकांनी एकच प्रत असलेल्या वनस्पतींवर क्ष-किरणांचा मारा करून ऐमिलोजरहित उत्परिवर्तित बटाटा मिळविला (१९८७).

पिष्टवृद्धीचे प्रयोग : पिष्टनिर्मितीच्या मार्गात एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडविणाऱ्या प्रथिनाचे) स्थान कळीचे मानले जाते. बर्लिन येथील संशोधकांनी १९९२ मध्ये त्याची निर्मिती दाबून टाकली, तेव्हा पिष्ट अत्यल्प झाले, साखर साठली व लहान ग्रंथिक्षोडांची संख्या वाढली. त्याच वर्षी मॉन्सँटो कंपनीतील संशोधक व मिशिगन राज्य विद्यापीठातील जॅक प्राइस यांनी उलट प्रयोग प्रसिद्ध केला. पेशीतील नियंत्रणास सहसा न जुमानणारे या एंझाइमाचे एक उत्परिवर्तित रूप एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत आढळते. त्याचा जीन (जनुक) बटाट्यात घातल्यावर पिष्ट सरासरी ३५ टक्क्यांनी वाढले. तथापि १९९६ मध्ये ब्रिटिश संशोधकांना वेगळा अनुभव आला. त्यांच्या बटाट्यांत पिष्टनिर्मितीचा वेग वाढला, पण विघटनही वाढल्याने साठा तेवढाच राहिला. कसाव्यात याच जीनच्या सुधारित रूपाने हरितगृहात मुळांचे वजन २·६ पटींपर्यंत वाढल्याचे २००६ मध्ये नोंदले गेले. एकूण उत्पन्न एकाच एंझाइमावर अवलंबून नसून पानांतील प्रकाशसंश्लेषण, साखरेचे वहन व साठवणाऱ्या अवयवाची मागणी यांचा मेळ त्यास लागतो, हे या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

ॲम्फ्लोरा : पिष्टाची घडण बदलण्याचे काम तुलनेने सोपे ठरले. ऐमिलोज तयार करणाऱ्या एंझाइमाचा जीन उलट्या दिशेने घालून त्याची क्रिया दाबता येते, असे नेदर्लंड्समध्ये १९९१ मध्ये दाखविण्यात आले. या तत्त्वावर तयार झालेल्या ॲम्फ्लोरा या औद्योगिक वाणासाठी १९९६ मध्ये स्वीडनमध्ये अर्ज करण्यात आला. त्यात खूण म्हणून कॅनामायसीन या प्रतिजैविकाला विरोध करणारा जीन होता व वादाचे प्रमुख कारण तोच ठरला. यूरोपीय आयोगाने २ मार्च २०१० रोजी लागवडीस परवानगी दिली. परंतु विरोध न ओसरल्याने बीएएसएफ कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये यूरोपीय बाजारपेठेतून माघार घेतली. हंगेरीने दाखल केलेल्या दाव्यात यूरोपीय संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने १३ डिसेंबर २०१३ रोजी परवानगीच रद्द केली. या निर्णयाचा आधार वाणाची सुरक्षितता हा नसून आयोगाने सुधारित मसुदे संबंधित समित्यांपुढे ठेवले नाहीत, हा कार्यपद्धतीतील दोष होता.

नंतरच्या काळात स्वीडिश संशोधकांनी क्रिस्पर तंत्राने बटाट्यातील त्याच जीनच्या चारही प्रती निकामी करून ऐमिलोजरहित पिष्ट मिळविले (२०१७). अशा तंत्राने बदललेले सजीवही जननिक रूपांतरित सजीवांच्या कायद्याखाली येतात, असा निर्णय यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २५ जुलै २०१८ रोजी दिला. त्यामुळे तंत्र बदलूनही परवानगीचा मूळ प्रश्न त्या वेळी कायमच राहिला.