७५०चा उंचवटा आणि न बांधलेलं यंत्र

१५ डिसेंबर २०१५. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि फिजिक्स म्हणजे कसाबसा सोडवायचा विषय, एवढीच त्याची आमच्या लेखी किंमत. त्या दिवशी सर्नमध्ये ऍटलास आणि सीएमएस या दोन्ही गटांनी एलएचसीचे ताजे आलेख दाखवले. ज्या टकरींतून दोन फोटॉन बाहेर पडले, त्या ऊर्जेनुसार मोजायच्या. रेघ सरळ उतरत जायला हवी. पण ७५० जीईव्हीच्या आसपास दोघांकडेही बारीकसा उंचवटा! हिग्ज १२५चा, म्हणजे हा गडी त्याच्या सहापट जड.

अशा उंचवट्याला रेझोनन्स म्हणतात. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसं टकरीची ऊर्जा कणाच्या वस्तुमानाशी जुळली की तो कण भराभर तयार होतो. १९७४ मध्ये जे/साय असाच सापडला आणि क्वार्कवर लोकांचा विश्वास बसला. आता ऍटलासकडे ३.६ सिग्मा होते, सीएमएसकडे २.६. शोध म्हणायला ५ लागतात. पण एकच बग दोन वेगळ्या टेस्टर्सनी कळवला की आपली कशी झोप उडते? तसंच झालं. काही महिन्यांत पाचशेच्या आसपास पेपर आले!

त्यातला मला भावलेला मुद्दा अगदी साधा आहे. जो कण दोन फोटॉनमध्ये फुटतो, तो दोन फोटॉन आदळून बनवताही यायला हवा. मग प्रकाशावर प्रकाश आदळणारं यंत्रच का नको? जानेवारी २०१६ मध्येच काही जपानी संशोधकांनी तसा हिशोब मांडलासुद्धा.

कल्पना मात्र जुनी, सोव्हिएत काळातली. १९८१ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या गिन्झबर्ग, कोत्किन, सेर्बो आणि तेल्नोव यांनी ती मांडली. सरळ रेषेतल्या कोलायडरमध्ये इलेक्ट्रॉनचा प्रत्येक पुंजका एकदाच वापरून फेकून द्यायचा असतो. मग फेकायच्या आधी त्याची ऊर्जा प्रकाशाला देऊन टाकू! टकरीच्या जागेच्या काही मिलिमीटर अलीकडे समोरून लेसर मारायचा. लेसरचा फोटॉन जेमतेम १ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. २५० जीईव्हीच्या इलेक्ट्रॉनवर आपटून उलटा फिरला की तो २०० जीईव्हीपर्यंतचा होऊन जातो. च्यायला, टेनिसचा चेंडू ट्रकवर मारावा तर काय! पण मर्यादा आहे: सुमारे ८० टक्क्यांच्या वर गेलं, तर नवा फोटॉन लेसरच्याच फोटॉनशी भिडून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनून संपतो. म्हणजे ७५०च्या कणासाठी दोन्ही बाजूंना साधारण ४७० जीईव्हीचे इलेक्ट्रॉन हवेत.

फायदा असा की समोर कोण आहे ते ओळखणं सोपं. लांडाऊ (१९४८) आणि यांग (१९५०) यांनी दाखवलं होतं की स्पिन १ असलेला कण दोन खऱ्या फोटॉनमध्ये फुटूच शकत नाही. म्हणजे एक उमेदवार आधीच बाद. शिवाय लेसरचं ध्रुवीकरण बदलून हिग्जसारखा कण आणि त्याचा आरशातला भाऊ वेगळे ओळखता येतात. प्रोटॉनच्या कचऱ्यात ही चैन नाही.

असो. ५ ऑगस्ट २०१६ ला शिकागोच्या परिषदेत जवळजवळ चौपट नवा डेटा आला आणि उंचवटा गायब. निव्वळ योगायोग होता तो. त्यात कोणाची चूक नव्हती, पण ज्यांनी आठ महिने त्यावर घालवले त्यांचं काय झालं असेल!

यंत्राचा प्रश्न मात्र त्या कणाबरोबर मिटला नाही. हिग्ज फोटॉनच्या टकरीतून एकटाच बनतो, त्यामुळे त्याला प्रत्येकी ८० जीईव्हीचे इलेक्ट्रॉन पुरतात, असा सॅफायर नावाचा प्रस्ताव २०१२ मध्येच आला होता. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरीत हिग्जबरोबर झेडही बनवावा लागतो, म्हणून तिथे एकूण २४० लागतात. अडतं ते लेसरवर: प्रत्येक स्पंदाला काही ज्यूल, आणि असे स्पंद सेकंदाला हजारो. १९८१ पासून आजवर फोटॉन कोलायडर एकही बांधला गेलेला नाही.